अमेरिकन साहेबांचा टँकर

दुसऱ्या वर्षाला आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी जगभरातल्या लोकप्रतिनिधींची नावं चिठ्ठ्यांवर लिहिली, मिठाईच्या रिकाम्या बॉक्समध्ये टाकली आणि प्रत्येकाला एक उचलायला लावली. जो मिळेल त्याच्यावर वीस पानांचा प्रकल्प, वीस गुण. माझ्या शेजारी बसणारीला एक राष्ट्राध्यक्ष मिळाला. मागच्या बाकावरचा एक जण वर्षभरात तीनदाच वर्गात दिसला होता, त्याला पंतप्रधान मिळाला. मला जो अमेरिकन मिळाला त्याचं नाव सरांना स्वतःच्याच अक्षरात दोनदा वाचावं लागलं.

"काँग्रेसमन होता," सर म्हणाले. "नंतर बँकर झाला. वेगळा विषय आहे. मजा येईल तुला."

काँग्रेस म्हणजे तिकडची संसद, पक्ष नाही, हे घरी समजावून सांगण्यातच माझे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी पेणला कॉलेजच्या संगणकावर बसले आणि मजा काय असते ते कळलं. त्या माणसाबद्दल साऱ्या इंटरनेटवर नऊ ओळी होत्या. एका लहान गावात जन्म. गावातल्याच शाळेत शिक्षण. वकिलीचा अभ्यास. थोडे दिवस वकिली. काँग्रेसवर निवड. पुढच्या वेळी उमेदवारी केली नाही. बँकेच्या व्यवसायात शिरले. मृत्यू. दफन. प्रत्येक ठिकाणी याच नऊ ओळी, फक्त जाहिराती वेगळ्या.

नऊ ओळींची वीस पानं कशी करायची, हे आमच्या घरात विचारायला कोणी नव्हतं. घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा पेणजवळच्या जोह्याला गणपतीच्या कारखान्यात आखणीचं काम करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे काढतात. आई आणि मी घासकामाला. साच्यातून काढलेली मूर्ती पॉलिशपेपरने गुळगुळीत करायची. मी आठवीपासून हे करत आले आहे. मला कॉलेजात पाठवताना बाबांनी एकच अट घातली होती आणि ती दर परीक्षेआधी ते न चुकता म्हणून दाखवायचे.

"एक विषय जरी राहिला ना, तरी दुसऱ्या दिवशी कारखान्यात. मंग मला पुस्तक दाखवायचा नाय."

ते रागावून म्हणत नसत. हवामानाबद्दल बोलावं तसं म्हणत. त्यामुळे जास्त भीती वाटायची. प्रकल्पात पास व्हायला वीसपैकी आठ लागत होते. आठ गुण आणि नऊ ओळी. मी हिशेब मांडून पाहिला. ओळीला एक गुण धरला तर मी पास होते. पण सर पानं मोजतात, असं मागच्या वर्षीच्या मुलींनी सांगितलं होतं.

मग मला वाटलं, लोकांनी निवडून दिलेला माणूस बँकर का होतो, हे आधी समजून घ्यावं. त्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नव्हती. रोह्याला असे एक साहेब होते. एकदा जिल्हा परिषदेवर निवडून आले होते आणि त्यानंतर इतकी वर्षं एका पतपेढीचे अध्यक्ष होते की लोक त्यांना आणि पतपेढीला एकच समजायचे. आमच्या कॉलेजच्या संस्थेतही ते कसलेसे उपाध्यक्ष होते. मी सरांकडून चिठ्ठी घेतली आणि एका शनिवारी पेणहून रोह्याच्या गाडीत बसले. वहीत सोळा प्रश्न लिहून नेले होते. पहिला प्रश्न "आपला जन्म कुठे झाला?" असा होता.

सोळा प्रश्नांची गरज पडली नाही. साहेब पहिल्यावरच तीन तास बोलले.

नदीकडच्या रस्त्यावर त्यांचं घर होतं. बसायच्या खोलीत सत्काराच्या शाली एका काचेच्या कपाटात घड्या घालून ठेवल्या होत्या, दुकानात ठेवतात तशा. साहेबांनी मला समोर बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, "लिहून घे पोरी. हे कुठं छापून यायचं असेल तर माझा फोटो मी देतो. डाव्या बाजूचा चांगला येतो."

मी म्हटलं, "साहेब, प्रकल्प एका अमेरिकन माणसावर आहे."

"असू दे ना. त्यालाही घाल."

साहेबांची कामं मी क्रमाने लिहून घेतली. एका गावात स्मशानाची शेड. एका गावात एसटीची निवारा शेड. तिच्यावर गावाच्या नावापेक्षा साहेबांचं नाव मोठं आहे, त्यामुळे बाहेरगावचे लोक तेच गावाचं नाव समजतात. महिलांना छत्र्यांचं वाटप. छत्रीवर साहेबांचा चेहरा, जो पहिल्या सरीतच विरघळला, पण त्यात त्यांचा दोष नव्हता, रंगवाल्याचा होता. उन्हाळ्यात वाड्यांना पाण्याचा टँकर, जो आता पतपेढीच्या नावाने पेणकडच्या वाड्यांनाही जातो. पुढच्या निवडणुकीला त्यांनी स्वतःहून उमेदवारी केली नाही. तिकीट दुसऱ्याला मिळालं हे खरं, पण ते मिळालं नसतं तरी आपण उभे राहिलोच नसतो, असं ते म्हणाले. हे वाक्य मी दोनदा लिहून पाहिलं. दोन्ही वेळा ते तसंच आलं.

"आणि बँकेत कसे आलात?"

साहेब थोडे मागे रेलले. "विश्वास. लोकांनी आधी माझ्याकडे मतं ठेवली. मतं परत मागता येत नाहीत. मग म्हटलं, आता ज्या गोष्टी परत मागता येतात त्या ठेवायला एक जागा काढू."

मला ते खूप आवडलं. मी खाली दोन रेघा मारल्या. आता ती वही उघडली की वाटतं, एवढा प्रामाणिक माणूस मला त्या वर्षात दुसरा भेटला नाही. आणि आपण काय बोललो हे त्यालाही कळलं नव्हतं.

परतीच्या गाडीत माझ्याकडे साहेबांची चाळीस पानं होती आणि अमेरिकनाच्या नऊ ओळी. पुढे जे मी केलं ते दुसरीकडच्या मुलीने केलं असतं की नाही, सांगता येत नाही. आमच्याकडे ते पाप समजत नाहीत, कामाची पद्धत समजतात. कारखान्यात साचा एकच असतो. त्यातून पंधरा मूर्ती काढायच्या. एकीला फेटा, एकीला मुकुट, एकीचा हात आशीर्वादाचा, एकीच्या हातात मोदक. गिऱ्हाईक पंधरा वेगळ्या मूर्ती घेऊन जातं आणि सगळे खूश. साच्याच्या रेघा तेवढ्या घासून काढायच्या. तेच तर माझं काम.

मी अमेरिकनाला साहेबांच्या साच्यात घातलं.

माणूस शंभर वर्षांपूर्वीचा, म्हणून एसटीच्या शेडचा मी घोडागाड्यांचा थांबा केला. स्मशानाची शेड दफनभूमीला भिंत म्हणून बसवली. त्याचं दफन झालंच होतं, तेव्हा भिंत कोणीतरी बांधली असणार. छत्र्या तशाच ठेवल्या, तिकडेही पाऊस असतोच. टँकरपाशी मात्र मी अडले. मग घोड्यांनी ओढायच्या पाण्याच्या टाक्या केल्या आणि लिहिता लिहिता हात थोडा सैल सुटला. साहेबांचा टँकर आमच्या भागात कधी येतो ते मला माहीत होतं. माझ्या अमेरिकनाचा टँकर दर दोन दिवसांनी, सकाळी, न चुकता यायचा. शेवटच्या घरालाही पाणी मिळेपर्यंत गाडीवान हलायचा नाही. तेवीस पानं झाली. मी ती घासली, म्हणजे वाक्यं सारखी केली, "साहेब" हा शब्द जिथे जिथे राहिला होता तिथून काढला, आणि बांधणी करून दिली. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं.

बाबांनी ती हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. "हा तुझा अमेरिकेचा मानूस चांगला दिसतो गो. आपल्यासारखाच दिसतो."

मी प्रत त्यांच्या हातून घेऊन दप्तरात घातली.

सरांनी पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं, मधली बोटाने फरफरवली. ऋणनिर्देशात मी रोह्याच्या साहेबांचे आभार मानले होते, कारण तेवढं एक पान तरी खरं असावं असं मला वाटलं होतं. सगळा घोटाळा त्या खऱ्या पानाने केला. सरांनी कौतुकाने साहेबांना फोन लावला, साहेबांनी प्रत मागवली, आणि आठ दिवसांनी मला स्टाफरूममध्ये बोलावणं आलं. मला वाटलं, पकडले गेले. सरांनी फोन माझ्या हातात दिला.

"पोरी," पलीकडून साहेब म्हणाले, "काय माणूस होता गं तो! अगदी माझ्यासारखा! त्यानंही छत्र्या वाटल्या?"

"हो... म्हणजे, तसं..."

"आणि टँकर! आधी टँकर, मग बँक. क्रमसुद्धा तोच. मी आमच्या लोकांना वर्षानुवर्षं सांगतोय की मी जे केलं ते परदेशात करतात. आता पुरावा मिळाला."

पतपेढीची वार्षिक सभा पेणला एका मंगल कार्यालयात होती. तिथे मी अमेरिकनावर वीस मिनिटं बोलायचं ठरलं. माझ्याकडून नाही, साहेब आणि सरांकडून ठरलं. मी घाबरत सरांना विचारलं, "सर, माझे गुण?"

"गुणांचं काय घेऊन बसलीस? आधी कार्यक्रम नीट होऊ दे."

याचा अर्थ मी लावला तो कोणीही लावला असता. नीट बोलले तर आठाच्या वर. नीट नाही बोलले तर कारखाना.

सभेच्या दिवशी व्यासपीठामागे मोठा फलक होता. डाव्या बाजूला साहेब, डावीकडून घेतलेले. उजव्या बाजूला पांढऱ्या दाढीचा एक गोरा माणूस. माझ्या अमेरिकनाचा फोटो कुठेच उपलब्ध नव्हता, तेव्हा छपाईवाल्याने इंटरनेटवरून एक भारदस्त निवडला होता. तो कोण होता हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. दोघांच्या मध्ये लिहिलं होतं, "दोन देश, एकच ध्यास". सभासद बरेच आले होते, कारण सभेनंतर जेवण होतं. वाड्यांवरच्या बायका पुढच्या सतरंजीवर बसल्या होत्या. मागे खुर्च्यांवर शिक्षक मंडळी आणि व्यापारी. नफा, ठराव, अनुमोदन, सगळं इतक्या वेगात झालं की "सर्वानुमते" हा शब्द पंख्याच्या आवाजासारखा ऐकू येत होता. मग मला उभं केलं.

सुरुवातीला मी बरी बोलले. जन्म, शाळा, वकिली. तोपर्यंत सगळं खरं होतं. मग छत्र्या आल्या, टाळ्या आल्या. साहेब माझ्याकडे बघून मान डोलावत होते. मग टँकर आला. मी पाठ केलेलं म्हटलं, दर दोन दिवसांनी, सकाळी, न चुकता, शेवटच्या घरापर्यंत.

पुढच्या सतरंजीवरून एक म्हातारी उठली. गागोद्याच्या बाजूच्या वाडीवरची होती, हे तिने आधी रजिस्टरवर अंगठा उठवताना सांगितलेलं मी ऐकलं होतं.

"बाय गो," ती म्हणाली, "जरा थांब. दर दोन दिसानं म्हंजी मे महिन्यातबी?"

मी सरांकडे पाहिलं. सर फलकाकडे पाहत होते.

"हो," मी म्हटलं.

"ते त्यानं कसं केलं ते सांग. आमच्याकं पंधरा दिसानं येतो, तोबी खालच्याच आळीत रिता होतो. तो अमेरिकेचा साहेब डायवरला काय सांगायचा? आमी ह्या साहेबांना तसंच सांगायला लावू."

"व्हय, ते सांग आधी," तिच्या शेजारची म्हणाली. "छत्री रावू दे."

मागच्या खुर्च्यांवरून कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच उत्सुकता होती. मला वाटतं, त्यांनाही उत्तर हवं होतं. आणि ती म्हातारी उभीच होती. चेष्टा करत नव्हती. तिला वाटत होतं की जगात कुठेतरी एका माणसाने ही गोष्ट जमवली आहे, मी शिकलेली आहे, म्हणजे मला ती माहीत असणार. माझ्या तोंडात एक गाडीवान तयार होता. त्याला काहीही बोलायला लावता आलं असतं.

"आजी, मला माहीत नाही," मी म्हटलं.

"म्हंजी?"

"टँकरचं मीच लिहिलंय. ते कुठे सापडलेलं नाही. त्या माणसाबद्दल नऊ ओळीच मिळाल्या. त्यात टँकर नव्हता. छत्र्याही नव्हत्या."

सभागृहात पंखे ऐकू येऊ लागले. म्हातारीने थोडा विचार केला.

"म्हंजी तिकडंबी टँकर आलाच नाय?"

"तिकडचं मला माहीत नाही."

"हितलं आमाला म्हाईत हाय," शेजारची म्हणाली, आणि मग सतरंजीवरच्या सगळ्या बायका हसल्या. मागच्या खुर्च्यांवरचे लोक हसू आवरून होते, तेही सुटले.

"मग नऊ ओळीत काय होता?" कोणीतरी विचारलं. मी त्या वाचून दाखवल्या. निवडून आले. पुढच्या वेळी उमेदवारी केली नाही. बँकेत गेले. मेले. पुरलं. वीस मिनिटांपैकी अर्ध्या मिनिटात संपल्या. एवढं लक्ष देऊन त्या सभेत दुसरं काहीच कोणी ऐकलं नव्हतं.

साहेब उठले. इतक्या वर्षांचा अनुभव होता. माईक माझ्या हातून अलगद घेतला आणि म्हणाले, "आपली विद्यार्थिनी नवखी आहे, पण निर्भीड आहे. अशा निर्भीड पिढीला आपली संस्था नेहमीच प्रोत्साहन देत आली आहे. जेवण तयार आहे." सर्वानुमते सगळे उठले. स्थानिक पेपरात बातमी आली की विद्यार्थिनीने सभासदांशी मनमोकळा संवाद साधला. फोटोत मी नव्हते. दाढीवाला होता.

सोमवारी मी सरांसमोर जाऊन उभी राहिले. रविवारभर मी आईबरोबर घासकाम केलं होतं, हाताला सवय असावी म्हणून. म्हटलं, "सर, मी पुन्हा लिहून देऊ का? नऊच ओळींवर. काय माहीत नाही तेही लिहीन. आठ गुण मिळतील एवढंच."

सर संगणकावरून नजर न काढता म्हणाले, "कसले आठ? तुझे अठरा झालेत."

"कधी?"

"सभेच्या आधीच. विद्यापीठाचं पोर्टल शुक्रवारी बंद होणार होतं. सगळ्यांचे भरून टाकले मी."

"पण सर, ते खोटं होतं. तुम्ही ऐकलंत ना शनिवारी?"

"शनिवारी ऐकलं," सर म्हणाले. "शुक्रवारी नव्हतं ऐकलं." मग ते थोडे ओशाळले असावेत, कारण त्यांनी चष्मा काढला. "आता मला बदलता येत नाही. अर्ज करावा लागेल, कारण लिहावं लागेल, मग मी वाचलं का नव्हतं ते विचारतील. जाऊ दे. पास झालीस ना?"

मी पास झाले होते. राष्ट्राध्यक्षवालीला चौदा मिळाले. तिने सगळं खरं लिहिलं होतं आणि खाली कुठून घेतलं तेही लिहिलं होतं.

घरी जाताना मी ठरवलं की बाबांना फक्त आकडा सांगायचा. अट आकड्याची होती. पण कारखान्यात पोहोचले तेव्हा बाबा एका मोठ्या मूर्तीच्या समोर स्टुलावर बसले होते, ब्रश भरलेला, आणि मी दारातूनच म्हटलं, "बाबा, अठरा."

"वीसात?"

"वीसात."

"मंग दोन कुठं गेले?" त्यांनी मागे न बघता विचारलं. आई हसली. आजूबाजूच्या बायकाही हसल्या. कोणी म्हणालं, "आता काय गो, मास्तरीण!"

मी तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी सांगितलं. साचा, छत्र्या, टँकर, सभा, शुक्रवार, सगळं. सांगताना मला कळत होतं की मी स्वतःच्या हाताने कॉलेज त्यांच्यासमोर ठेवते आहे. अट त्यांची होती. पास म्हणजे काय हेही तेच ठरवणार. पॉलिशपेपरचा आवाज थांबला. बाबांनी ब्रश वाटीवर आडवा ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"म्हंजी अठरातला तुझा किती?"

"नऊ ओळींचं. काढून बघितलं तर तीन-चार गुण असतील."

"म्हंजी राहिला विषय."

"व्हय," मी म्हटलं. घरात मी नेहमी "हो" म्हणते. त्या दिवशी "व्हय" निघालं.

आई मध्ये पडेल असं वाटलं, पण तीही वाट बघत होती. शेवटी बाबा म्हणाले, "डोळा चुकला तर मी तिथल्या तिथं पुसतो. सुकला तर खरवडतो. तुझा हा खरवडता येतो काय?"

"सर म्हणाले, नाही येत."

"मंग ऱ्हाऊ दे तसाच. पुढच्या वर्षी जा." त्यांनी ब्रश उचलला आणि परत खाली ठेवला. "पर पुढच्या वर्षी जे म्हाईत नाय, तिथं म्हाईत नाय लिहायचा. चार भेटू देत नायतर आठ. आठाला कमी पडले तरी चालंल, मंग मी बघतो."

ती अट बाबांनी इतकी वर्षं सांभाळली होती. ती अशी सैल झालेली मी पहिल्यांदाच पाहिली. आईने माझ्या हातात पॉलिशपेपर दिला, कारण पाच मूर्ती उरल्या होत्या आणि मी उभीच होते.

घासायला बसले तेव्हा बाबा पुन्हा बोलले, या वेळी मूर्तीकडे तोंड करून.

"आनि त्या रोह्याच्या साहेबांकडं जाऊन माफी माग एकदा."

"कशाबद्दल? त्यांनीच तर..."

"कशाबद्दल ते त्यांना कळणार नाय. तू माग. त्यांच्या घरचा गणपती धा वर्षं आपल्याकडनं जातो."